झायनच्या दरीतली पानगळ: फोटो काढताना आणि एक्स्पोजर जोडताना या चुका टाळा

दिवाळीच्या आसपास कॅलिफोर्नियातली बरीच मराठी मंडळी लास व्हेगासला उतरून गाडीने अडीच-तीन तासांवरच्या, युटा राज्यातल्या झायन नॅशनल पार्ककडे निघतात. वेळ अगदी नेमकी असते. ऑक्टोबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत व्हर्जिन नदीकाठचे कॉटनवुड वृक्ष पिवळेजर्द झालेले असतात, मधूनच एखादा बिगटूथ मेपल लालभडक दिसतो आणि मागे दोन हजार फुटांच्या तांबड्या भिंती उभ्या असतात. एवढं सगळं समोर असूनही घरी आल्यावर कार्डातून निघतं ते वेगळंच. आकाश पांढरंफट्ट, सावल्या काळ्याकुट्ट. मग कुणीतरी सांगतं की पाच एक्स्पोजर, म्हणजे एकाच दृश्याचे कमी-जास्त उजेडाचे फोटो, घेऊन ब्लेंड करायचे, म्हणजे एकात जोडायचे. ते केलं की भिंती प्लॅस्टिकच्या दिसतात आणि पानांभोवती करडी किनार उमटते.

दोष सॉफ्टवेअरवर ढकलला जातो. माझ्या मते ब्लेंडिंगमध्ये दिसणारे बहुतेक दोष दरीतच, शटर दाबण्याआधी तयार झालेले असतात. म्हणून सुरुवात तिथून.

सूर्योदय-सूर्यास्ताचा हट्ट

सह्याद्रीत फोटोग्राफी शिकलेल्या माणसाची ही हमखास होणारी चूक. आपल्याकडे कातळ बेसॉल्टचा, काळा. ऊन पडलं तरी तो ते गिळून टाकतो. सांधण दरीत भर दुपारी उतरलात तरी समोरची भिंत तुमच्या बाजूच्या सावलीला फारसा रंग देत नाही. त्यामुळे पहाट आणि संध्याकाळ सोडून कॅमेरा बाहेर काढायचा नाही, अशी सवय लागते.

झायनच्या भिंती नवाहो वालुकाश्माच्या आहेत आणि लोहाच्या ऑक्साइडमुळे तांबूस-केशरी झालेल्या. (बदामीला गेला असाल तर तांबडा वालुकाश्म उन्हात कसा पेटतो ते तुम्ही पाहिलं असेल.) अशा भिंतीवर ऊन पडलं की ती स्वतःच दिवा बनते आणि समोरच्या सावलीतल्या भिंतीवर, पाण्यावर, पानांवर केशरी उजेड टाकते. नॅरोज नावाच्या अरुंद भागात भिंती काही ठिकाणी हजार फूट उंच आहेत आणि नदी जेमतेम वीस-तीस फूट रुंद. तिथे सूर्य वर आल्याशिवाय हा खेळ सुरूच होत नाही. म्हणजे सकाळी उशिरापासून दुपारपर्यंतची, इतरत्र टाकाऊ मानलेली वेळ इथे सोन्याची. पहाटे पाचला उठून नॅरोजमध्ये पोचलात तर निळसर, थंड, सपाट उजेड मिळेल आणि पाय मात्र गोठतील.

प्रत्येक वळणाची वेळ वेगळी. ऊन थेट तुमच्या फ्रेममध्ये येण्याआधीची पंधरा-वीस मिनिटं बहुधा सर्वांत चांगली असतात. ऊन वरच्या भिंतीवर असतं, फ्रेममध्ये त्याचा फक्त उसना उजेड. ऊन एकदा पाण्यावर किंवा पानांवर पडलं की त्या जागेचा नाद सोडा आणि पुढच्या वळणावर जा.

आकाशाची चिंधी

वर बघितलं की दोन भिंतींमध्ये आकाशाची एक पट्टी दिसते आणि ती फ्रेममध्ये घ्यायचा मोह होतो. सावलीतला तळ आणि ती पट्टी यांच्यात सहज पाच-सहा स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) किंवा त्याहून जास्त फरक असतो. तो बुजवण्यासाठी मग ब्रॅकेटिंग (वेगवेगळ्या एक्स्पोजरच्या फ्रेम लागोपाठ घेणं), मास्क (लेअरचा हवा तेवढाच भाग दाखवणारा पडदा), हेलो (कडेची किनार) काढणं हे सगळं मागे लागतं. इतकं करून फोटोत येतं काय, तर वरच्या कोपऱ्यात एक पांढुरका तुकडा, ज्यावर डोळा जाऊन अडकतो.

कॅमेरा थोडा खाली वळवा, लांब लेन्स लावा, आकाश कापून टाका. उरलेल्या दृश्यात उजेडाची दरी इतकी कमी होते की बऱ्याचदा एकच रॉ फाइल (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली कच्ची फाइल) पुरते. आजच्या चांगल्या फुल-फ्रेम सेन्सरला कमी आयएसओवर चौदाएक स्टॉपची रेंज मिळते. ब्लेंडिंग करायला मजा येते म्हणून ते करायचं, हे कारण पुरेसं नाही.

आकाश हवंच असेल तर ते खऱ्या अर्थाने घ्या. वॉचमन शिखरासारखं मोकळं दृश्य, वर ढग, खाली नदी आणि कॉटनवुड. तिथे ब्लेंडिंग सार्थकी लागतं.

ब्रॅकेटिंगमध्ये काय काय बिघडतं

एक्स्पोजर बदलताना फक्त शटर स्पीड बदलला पाहिजे. अॅपर्चर (लेन्सचं छिद्र) बदललं की फोकसची खोली बदलते आणि पानांच्या कडा दोन फ्रेममध्ये जुळत नाहीत. ऑटो आयएसओ चालू राहिला तर काही कॅमेरे शटरऐवजी आयएसओच हलवतात, आणि नेमकी सावल्यांसाठी घेतलेली फ्रेम दाणेदार येते. ऑटोफोकस प्रत्येक फ्रेमला नव्याने शोधाशोध करतो, तेव्हा एकदा फोकस करून मॅन्युअलवर टाका. अॅपर्चर एफ ८ ते एफ ११ पुरे. एफ २२ ला गेलात तर डिफ्रॅक्शनमुळे सगळंच मऊ पडतं.

एक चूक मात्र फार उशिरा लक्षात येते. पोलरायझर (चकाकी कापणारा फिल्टर) लावून नॅरोजच्या सावलीत उभे असाल तर मधली फ्रेमच आठ-दहा सेकंदांची होते. त्याच्या दोन स्टॉप वरची फ्रेम चाळीस सेकंदांची लागते, पण बहुतेक कॅमेरे ऑटो ब्रॅकेटमध्ये तीस सेकंदांवर थांबतात, तेही न सांगता. तुम्हाला वाटतं तीन फ्रेम नीट आल्या, प्रत्यक्षात तिसरी कमी पडलेली असते. अशा वेळी आयएसओ दुप्पट करा किंवा बल्ब मोड (शटर हवा तेवढा वेळ उघडा ठेवणारा) वापरा. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शनही बंद ठेवा. ते चालू असलं की कॅमेरा प्रत्येक फ्रेमनंतर तेवढाच वेळ आणखी घेतो आणि तोवर उजेड सरकतो.

ट्रायपॉडचा पाय नदीतल्या वाळूत रोवला की तो हळूहळू खचतो. आधी दाबून बसवा, मग फ्रेम लावा. मधला दांडा वर काढू नका. प्रवाहात पाय रोवले असतील तर पाण्याचा जोर ट्रायपॉडला थरथरवतो, मग घरी कितीही अलाइन करा, तो धूसरपणा जात नाही.

हाताने मास्क करणार असाल तर दोन स्टॉपच्या अंतराने तीन फ्रेम बहुधा पुरतात. नऊ-नऊ फ्रेम घेणाऱ्यांच्या हार्ड डिस्कची मला काळजी वाटते.

हिस्टोग्राम खोटं बोलतो तेव्हा

लाल खडक आणि पिवळी पानं हे कॅमेऱ्याच्या मीटरला फसवणारं जोडपं आहे. साधा पांढरा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख, डावीकडे काळं, उजवीकडे उजळ) तिन्ही रंग एकत्र मोजतो. तो उजव्या कडेपासून लांब दिसतो, पण लाल चॅनल आधीच उडालेला, म्हणजे मर्यादेबाहेर जाऊन तपशील गमावलेला असतो. असं झालं की उन्हातल्या भिंतीचा पोत जातो आणि एक सपाट केशरी डाग उरतो. मागून ऊन आलेल्या कॉटनवुडच्या पानांचंही तेच: शिरा नाहीशा होतात, नुसता पिवळा रंग उरतो. कितीही हायलाइट खाली ओढा, गेलेला पोत परत येत नाही.

म्हणून तिन्ही रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम चालू करा आणि सर्वांत काळ्या फ्रेममध्ये लाल रंग आलेखाच्या उजव्या कडेला टेकत नाही ना, तेवढं पाहा. हा हिस्टोग्राम कॅमेऱ्याने आत बनवलेल्या जेपेगचा असतो, रॉचा नव्हे. पिक्चर स्टाइल भडक असेल किंवा व्हाइट बॅलन्स (उजेडाची छटा ठरवणारं सेटिंग) शेडवर असेल तर लाल रंग उडालेला नसतानाही उडालेला दिसतो. न्यूट्रल स्टाइल ठेवा, अंदाज बराच खरा येतो.

व्हाइट बॅलन्सबद्दल थोडंसं. ऑटो मोड केशरी उजेडाला दोष समजून धुऊन काढतो. डेलाइटवर ठेवलंत तर उसन्या उजेडाचा केशरी आणि आकाशाकडून येणारा सावलीतला निळा, दोन्ही शाबूत राहतात. त्या दोघांच्या झगड्यातच या दरीचा सगळा नखरा आहे.

वारा, पानं आणि भुतं

तीन फ्रेममध्ये पान तीन ठिकाणी असतं. सॉफ्टवेअर त्यांची सरासरी काढतं आणि प्रत्येक फांदीला अर्धपारदर्शक भूत चिकटतं. लाइटरूम सॉफ्टवेअरमधलं डीघोस्ट (भूत काढायची सोय) काही वेळा वाचवतं, पण ते कुठली फ्रेम निवडेल याचा भरवसा नाही, आणि निवडलेल्या भागात एकदम नॉइज दिसू शकतो.

यावर खात्रीचा उपाय म्हणजे पानं एकाच फ्रेममधून घेणं. ब्रॅकेट झाल्यावर त्याच फ्रेमिंगमध्ये आयएसओ ८०० किंवा १६०० करून, शटर जलद ठेवून आणखी दोन-तीन फोटो घ्या, वारा थांबेल त्या क्षणी. नंतर झाडापुरता मास्क करून ती फ्रेम बसवा. पानांच्या गर्दीत थोडा दाणा कुणाला दिसत नाही, भूत मात्र सगळ्यांना दिसतं.

पाण्यालाही हाच नियम. प्रवाहाची रेशमी पट्टी एकाच फ्रेममधून घ्या. शटर किती ठेवायचा हे ज्याच्या त्याच्या आवडीचं, पण वीस सेकंदांत नदीचं धुकं होतं आणि अर्ध्या-एक सेकंदात तिचे पीळ टिकतात. मला पीळ आवडतात.

पोलरायझर गच्च फिरवणं

ओल्या दगडावरची आणि पानांवरची चकाकी काढायला पोलरायझर हवाच. पण पूर्ण फिरवलात तर पाण्यात पडलेलं भिंतीचं सोनेरी प्रतिबिंबही पुसलं जातं, आणि तुम्ही तर त्याच्यासाठीच आला होतात. व्ह्यूफाइंडरमध्ये बघत हळूहळू फिरवा. तडजोड जमत नसेल तर दोन फोटो घ्या, एक पानांसाठी, एक पाण्यासाठी, आणि नंतर जोडा. ब्रॅकेटच्या मध्येच मात्र रिंगला हात लावू नका.

जोडताना

सर्वांत मोठी चूक म्हणजे उजेडाची उतरंड मोडणं. उन्हातली भिंत सर्वांत उजळ, तिच्यासमोरची उसन्या उजेडातली त्याहून कमी, पायथ्याचा दगड त्याहून काळा. ब्लेंडिंगच्या नादात तिन्ही एका पातळीवर आणले की दरीची खोली संपते. मग फोटो भिंतीवर रंगवलेल्या पडद्यासारखा दिसतो. पाण्यातलं प्रतिबिंब तर मूळ वस्तूपेक्षा उजळ असूच शकत नाही. वरचा भाग काळ्या फ्रेममधून आणि नदी उजळ फ्रेममधून घेणारे इथे हमखास अडकतात. ज्यांना कारण कळत नाही त्यांनाही काहीतरी चुकल्यासारखं वाटतं.

सावल्या उचलण्याचंही तसंच. झायनच्या भिंतींवर काळे लांब ओघळ दिसतात. ते मँगेनीज आणि लोहाच्या ऑक्साइडचे थर आहेत, त्यांना डेझर्ट वार्निश म्हणतात. शॅडो स्लायडर शंभरवर नेला की हे ओघळ राखाडी-जांभळे पडतात. ते काळे दिसेपर्यंत स्लायडर मागे आणा.

ग्रॅज्युएटेड फिल्टर (वर गडद, खाली फिका होत जाणारा), मग तो काचेचा असो वा सॉफ्टवेअरमधला, दरीत निरुपयोगी. क्षितिज सरळ नसल्यामुळे भिंतीचा वरचा भाग विनाकारण काळवंडतो. त्याऐवजी लुमिनॉसिटी मास्क वापरा. फोटोशॉपमध्ये उजळ फ्रेम खाली, काळी फ्रेम वर, वरच्या लेअरला पूर्ण काळा मास्क. उजळ लेअर तेवढी दिसत असताना कंट्रोल, आल्ट आणि २ दाबलं की फोटोतल्या उजेडाप्रमाणे सिलेक्शन तयार होतं. मग मास्कवर पांढऱ्या ब्रशने, फ्लो दहा-वीस टक्के ठेवून, जिथे आकाश किंवा ऊन उडालं आहे तिथे हळूहळू रंगवा. सिलेक्शन पानांच्या फटींतूनही नेमकं उतरतं, म्हणून कडेला किनार येत नाही. मऊ मोठ्या ब्रशने हाताने कड रंगवलीत तर येते.

तरीही हेलो दिसला तर क्रमाने तपासा. फ्रेम जुळल्या आहेत का? एकेक लेअर चालू-बंद करून शंभर टक्के झूमवर कड हलते का बघा. हलत असेल तर ऑटो-अलाइन करा आणि कडेचा कोरा भाग कापा. जुळल्या असतील तर मास्कला दिलेलं फेदर (कडेचा मऊपणा) कमी करा. तेही ठीक असेल तर क्लॅरिटी आणि डीहेझ शून्यावर आणून बघा. कित्येकदा किनार ब्लेंडिंगची नसतेच, या दोन स्लायडरची असते. फांद्यांवर जांभळी-हिरवी रेघ असेल तर ती लेन्सची. रॉ उघडतानाच, जोडण्याआधी काढा.

लाइटरूमच्या एचडीआर मर्जला (फ्रेम आपोआप जोडणाऱ्या सोयीला) मी नावं ठेवत नाही. त्यातून मिळणारी डीएनजी फाइल रॉसारखीच वागते आणि एक्स्पोजर स्लायडरला दोन्ही बाजूंना दहा-दहा स्टॉप मिळतात. फक्त मर्ज करताना ऑटो सेटिंगची खूण काढा. ती सगळं सपाट करते.

निघण्याआधी

शटल बस चालू असताना मुख्य दरीच्या रस्त्यावर खासगी गाडी नेता येत नाही, म्हणून वेळेचं गणित बसवर बेतलेलं असू द्या. ड्रोनला बंदी आहे. नदीचा प्रवाह सेकंदाला १५० घनफुटांवर गेला किंवा फ्लॅश फ्लडचा इशारा लागला की नॅरोज बंद होतं. वर निळं आकाश असलं तरी दूर पडलेल्या पावसाचं पाणी अचानक येऊ शकतं, तेव्हा सकाळी व्हिजिटर सेंटरवर विचारूनच उतरा. या दिवसांत पाणी बर्फासारखं असतं. निओप्रीनचे मोजे आणि ड्राय पँट पार्कच्या दाराशी असलेल्या स्प्रिंगडेल गावात भाड्याने मिळतात. कॅमेरा ड्राय बॅगेत ठेवा, गळ्यात नको.

आणि एक्स्पोर्ट करताना एसआरजीबीत (वेबवर चालणाऱ्या, कमी रंगांच्या कलर स्पेसमध्ये) फोटो कसा दिसेल ते सॉफ्ट प्रूफ चालू करून बघा. जोडकाम रुंद कलर स्पेसमध्ये केलेलं असतं, त्यामुळे मेपलचा लाल आणि कॉटनवुडचा पिवळा नेमके इथे उडतात. तसं दिसलं तर संपूर्ण फोटोचं सॅच्युरेशन कमी करू नका. एचएसएलमध्ये (एकेक रंग वेगळा बदलायच्या पॅनलमध्ये) फक्त लाल, केशरी आणि पिवळा थोडे खाली आणा, पानांच्या शिरा परत दिसू लागतील.