रिक्वेस्ट लॉगमध्ये दिसत नाही? सेटिंग बदलण्याआधीची तयारी

पुढे ई२गार्डियन (वेबची पाने तपासून अडवणारा फिल्टर) आणि मागे स्क्विड (ब्राउझरच्या वतीने पाने आणणारा प्रॉक्सी सर्व्हर) अशी मांडणी असेल, तर आधी रिक्वेस्टचा रस्ता कागदावर काढून घ्या. ब्राउझर सहसा ८०८० पोर्टवर ई२गार्डियनला गाठतो आणि ई२गार्डियन ३१२८ वर स्क्विडला. दोघांचे लॉग, म्हणजे नोंदींच्या फाइली, वेगळे असतात. नुसता पत्ता पाहून अडवलेली रिक्वेस्ट स्क्विडपर्यंत पोचत नाही, पण पानातला मजकूर तपासून अडवलेली पोचलेली असते. त्यामुळे कोणत्या लॉगमध्ये काय सापडायला हवे, हे शोधाआधी ठरलेले असावे.

दोन्ही कॉन्फिग फाइलींच्या प्रती तारीख घालून बाजूला ठेवा. मग तीन टर्मिनल उघडा. दोघांत एकेक लॉग टेल कमांडने (ती नव्या ओळी येतील तशा दाखवते) चालू ठेवा आणि तिसऱ्यातून कर्लने (टर्मिनलमधून रिक्वेस्ट पाठवणारी कमांड), प्रॉक्सीचा पत्ता स्पष्ट देऊन, चाचणीची रिक्वेस्ट पाठवा. तिच्यात ओळखू येईल असा खुणेचा शब्द हवा. तो प्रश्नचिन्हानंतर मात्र टाकू नका, कारण स्क्विड मुळात त्यापुढचा भाग लॉगमधून छाटतो. खूण पत्त्याच्या मार्गातच (साइटच्या नावानंतरच्या भागात) असू द्या आणि साइट साधी एचटीटीपीची निवडा. एचटीटीपीएस उलगडून पाहण्याची सोय चालू नसेल, तर लॉगमध्ये कनेक्ट हा शब्द, साइटचे नाव आणि ४४३ एवढेच उमटते.

इथे बहुतेकांची फसगत होते ती वेळेत. स्क्विड नोंद लिहितो ती व्यवहार संपल्यावर. तासभर उघड्या राहिलेल्या टनेलची (कनेक्टने उघडलेल्या सलग जोडणीची) ओळ तासाभराने येते, आणि तोवर लॉगिंग बंद पडले असे समजून लोक चांगली सेटिंग बिघडवतात. पहिल्या रकान्यातले सेकंद १ जानेवारी १९७० पासून मोजलेले आणि शेवटच्या क्षणाचे असतात. दुसऱ्या रकान्यातले मिलिसेकंद त्यातून वजा केले की सुरुवातीची वेळ मिळते. सर्व्हरचे घड्याळ बरोबर आहे ना, तेही बघून ठेवा.

ई२गार्डियनमध्ये लॉगलेव्हल (किती नोंदायचे ते ठरवणारी सेटिंग) तपासा. १ असेल तर फक्त अडवलेल्या रिक्वेस्ट दिसतात, सगळ्या हव्या असतील तर ३ लागते. स्क्विडमध्ये ॲक्सेस लॉगच्या ओळीत कुणी ‘नन’ (नोंद नको) लिहून ठेवले आहे का, ते शोधा. सगळ्या नोंदी १२७.०.०.१ च्या (सर्व्हरच्या स्वतःच्याच पत्त्याच्या) नावे दिसत असतील, तर फिल्टर मूळ आयपी पत्ता एक्स-फॉरवर्डेड-फॉर हेडरमध्ये पाठवत नसेल किंवा स्क्विडला त्यावर विश्वास ठेवायची परवानगी दिलेली नसेल. लॉगिन लागत असेल, तर आधी ४०७ ची (प्रॉक्सीला लॉगिन हवे, अशी) नकाराची ओळ येणे हा बिघाड नव्हे.

डिस्कवरची जागा आणि आयनोड (दर फाइलीला लागणारी, मर्यादित संख्येची नोंद) दोन्ही शिल्लक आहेत का बघा. लॉगच्या फोल्डरची मालकी स्क्विड ज्या युजरच्या नावाने चालतो त्याची हवी. रोटेशननंतर (जुना लॉग बाजूला करून नवा सुरू केल्यावर) नवी फाइल रिकामीच राहिली, तर प्रक्रिया अजून जुन्या फाइलीतच लिहीत असते. स्क्विडला रोटेटचा संदेश दिला की ती नवी फाइल उघडते.

तरीही ब्राउझरमधून पाठवलेली खूण दोन्ही लॉगमध्ये नसेल, तर रिक्वेस्ट प्रॉक्सीला वळसा घालून गेली. ब्राउझरची अपवादांची यादी बघा. पारदर्शक मांडणीत (ब्राउझरला न सांगता रहदारी प्रॉक्सीकडे वळवलेली असते तिथे) यूडीपी ४४३ वरून जाणारे क्विक हे प्रोटोकॉलही बघा, ते टीसीपीच्या नियमांत सापडत नाही.

कॉन्फिग बदलल्यावर आधी पार्स (चुका तपासणे), मगच रीकॉन्फिगर (बदल लागू करणे) करा. डीबगची पातळी वाढवली असेल, तर काम झाल्यावर परत १ वर आणा, नाहीतर कॅशे लॉग (स्क्विडच्या स्वतःच्या संदेशांची फाइल) डिस्क भरून टाकतो. लॉग कुणाला दाखवायचा असेल, तर त्यातली युजरची नावे आधी झाका.