अर्थिंगचा जॉइंट नुसता सोल्डरवर सोडू नका
हॅमवाल्या (हौशी रेडिओवाल्या) भावांनो, मृगाच्या आधी अँटेनाच्या टॉवरखालचे अर्थिंगचे जॉइंट हात लावून पाहाच. नुसता सोल्डर तिथं कामाचा नाही, कथील-शिशाचा नेहमीचा सोल्डर 183 अंशाच्या आसपास वितळते अन् वीज पडली तं तार मोकळीच. जमिनीत ठोकलेल्या तांब्याच्या रॉडला पितळी क्लॅम्प लावा, आधी तार अन् रॉड दोन्ही चकचकीत घासा, मग नट कचकचून आवळा. जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपाला तांब्याची तार डायरेक्ट बांधू नका, ओल लागली की जस्त खाल्ल्या जाते, मधात स्टेनलेसचा वॉशर टाका. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, रॉड हलते, क्लॅम्प ढिल्ला होते, म्हणून जॉइंट मातीच्या वर दिसू द्या. अन् हा रॉड घराच्या अर्थिंगलाही जोडाच भाऊ, वेगळा ठेवला तं वीज रेडिओतूनच रस्ता काढते.