गॅस्ट्रिक बँड बसवला आहे? मग या चुका टाळा

‘मॅडम, अजून अर्धा एमएल भरा ना, वजन हलतच नाही.’ गॅस्ट्रिक बँड बसवलेल्या रुग्णांच्या तोंडून आहारतज्ज्ञ म्हणून मी सर्वांत जास्त वेळा ऐकलेले वाक्य हेच असावे. बँड जितका घट्ट तितके खाणे कमी आणि खाणे जितके कमी तितके वजन कमी, असा हिशेब या मागणीमागे असतो. हिशेब सरळ दिसतो, पण बँडच्या निम्म्याहून अधिक तक्रारींचा माग काढत गेले की मी याच समजापाशी येऊन थांबते.

मुळात बँड काय करतो हे आधी पाहू. जठराच्या अगदी वरच्या भागाभोवती, अन्ननलिका संपते त्याच्या किंचित खाली, दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने सिलिकॉनचा एक पट्टा बसवतात. पट्ट्याच्या वर साधारण १५ ते ३० मिलिलिटर मावेल एवढी छोटी पिशवी तयार होते. जठर कापले जात नाही आणि आतड्याची जोडणीही बदलली जात नाही. पट्ट्याच्या आतील बाजूस एक फुगा असतो आणि तो बारीक नळीने पोटाच्या कातडीखाली बसवलेल्या पोर्टला जोडलेला असतो. पोर्टमधून सुईने सलाईन भरले की फुगा फुगून वाट अरुंद होते, काढून घेतले की सैल होते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या पद्धतीला २००१ साली मान्यता दिली आणि पुढची काही वर्षे तिचा बराच बोलबाला होता. आज मुंबईत नव्याने होणाऱ्या शस्त्रक्रियांत स्लीव्ह (जठराचा मोठा भाग कापून काढणे) आणि बायपास (जठर लहान करून आतड्याची जोडणी बदलणे) यांचाच भरणा आहे. तरीही पूर्वी बसवलेले बँड घेऊन वावरणारी माणसे आपल्यात आहेत, आणि ‘कापाकापी नको, बँडच बरा’ म्हणून चौकशी करणारेही अधूनमधून येतात.

घट्ट बँड म्हणजे चांगला बँड, हा समज

अन्न अडवणे हे बँडचे काम नाही. थोडक्या घासांत पोट भरल्याची जाणीव व्हावी आणि ती काही तास टिकावी, एवढेच त्याच्याकडून अपेक्षित असते. तो गरजेपेक्षा जास्त आवळला गेला की भाकरी, उसळ, कोशिंबीर, मासा असे चावून खायचे पदार्थ आत जाताना त्रास देऊ लागतात. मग रुग्ण नकळत जे सहज उतरते त्याकडे वळतो. आईस्क्रीम, मिल्कशेक, उसाचा रस, चहात बुडवलेले बिस्कीट, जिभेवर विरघळणारी मिठाई यांना कोणताही बँड अडवू शकत नाही.

डोंबिवलीहून येणाऱ्या एका गृहस्थांचे उदाहरण आठवते. चार महिन्यांत तीन वेळा फिल, म्हणजे बँडमध्ये सलाईन भरून घेऊनही त्यांचे वजन दोन किलोने वाढले होते. त्यांना तीन दिवस खाल्लेले सगळे लिहून आणायला सांगितले. वहीत सकाळी चहा आणि चार बिस्किटे, अकरा वाजता कटिंग, दुपारी ‘डबा तसाच परत’, साडेपाचला कार्यालयाखाली मँगो लस्सी, रात्री वरणाचे पाणी आणि झोपण्यापूर्वी आईस्क्रीमचा कप, अशा नोंदी होत्या. डबा तसाच परत हे शब्द तिन्ही दिवशी होते आणि त्याखाली त्यांनी अभिमानाने रेघही मारली होती! सर्जननी त्यांच्या बँडमधून थोडे सलाईन काढून घेतले, डबा पुन्हा रिकामा होऊन घरी जाऊ लागला आणि त्यानंतरच काटा खाली सरकला.

रात्री आडवे झाल्यावर खोकला येणे, आंबट पाणी घशाशी येणे, उशीवर लाळेचा डाग पडणे, आठवड्यातून अनेकदा उलटी होणे ही बँड जास्त घट्ट असल्याची चिन्हे आहेत. अशा वेळी आणखी भरून घेण्याचा हट्ट न धरता सलाईन कमी करण्याविषयी बोलावे. पहिला फिल साधारणपणे शस्त्रक्रियेनंतर चार ते सहा आठवड्यांनी केला जातो, पुढचे फिल थोड्याथोड्या प्रमाणात आणि मध्ये काही आठवडे जाऊ देऊन होतात. फिल झाल्यावर दवाखान्यातच बसून पेलाभर पाणी सावकाश पिऊन पाहावे, कारण ते उतरत नसेल तर तिथल्या तिथे दुरुस्ती होते. विरारची गाडी पकडल्यानंतर ते लक्षात आले तर फार हाल होतात. आठवड्याला अर्धा ते एक किलो ही बँडची सर्वसाधारण चाल आहे. शेजारच्या कोणाचे बायपासनंतर झपाट्याने उतरलेले वजन पाहून आपला बँड नापास ठरवू नये.

अडकलेल्या घासावर पाणी ओतणे

मुंबईच्या जेवणाची वेळ आणि बँड यांचे मुळातच जमत नाही. जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची, त्यात हात धुण्याची रांग आणि उरलेल्या पंधरा मिनिटांत डबा. बँड असलेल्या माणसाने एका वेळचे जेवण वीस मिनिटे तरी चालवावे आणि सुपारीएवढा घास गुळगुळीत होईपर्यंत चावावा, असे आम्ही सांगतो. हे ऐकून लोक हसतात. मग एखाद्या संध्याकाळी दादरच्या फलाटावर उभ्याउभ्या वडापाव खाल्ला जातो, मऊ पावाचा लगदा अरुंद वाटेत जाऊन बसतो, छातीच्या मधोमध दाटून येते, तोंडात पाणी सुटू लागते आणि पाठोपाठ फेसाळ लाळ वर येते.

या क्षणी हमखास होणारी चूक म्हणजे पाण्याच्या घोटाबरोबर घास खाली ढकलणे. वरची पिशवी आधीच भरलेली असल्यामुळे त्या पाण्याला जागा नसते आणि सगळे उलटून बाहेर येते. घशात बोटे घालून उलटी काढणेही तितकेच वाईट, कारण वारंवार जोर लावून उलट्या झाल्या की जठराचा भाग बँडमधून वर सरकण्याचा धोका वाढतो. खाणे तत्काळ थांबवावे, ताठ बसावे किंवा सावकाश फेऱ्या माराव्यात आणि घासाला वेळ द्यावा. बहुतेक वेळा तो आपोआप उतरतो. त्या दिवशी पुढे फक्त पातळ आहार ठेवावा. पाव, कोरडी चपाती, चिकट गोळा होणारा भात, धागेदार मटण, शेवग्याची शेंग हे नेहमीचे गुन्हेगार आहेत. पुष्कळांचा बँड सकाळी जास्त घट्ट जाणवतो, त्यामुळे न्याहारीला विशेष जपावे. जेवताना पाणी पिऊ नये, जेवणानंतर सुमारे अर्ध्या तासाने प्यावे.

पोर्टकडे दुर्लक्ष

पोर्टमध्ये सलाईन भरण्यासाठी विशेष प्रकारची सुई लागते. नेहमीच्या इंजेक्शनच्या सुईने पोर्टच्या पडद्याचा बारीक तुकडा निघून गळती सुरू होऊ शकते. म्हणून ‘घराजवळचे डॉक्टर भरून देतील’ हा विचार सोडून द्यावा. बँडची कंपनी, आकार, शस्त्रक्रियेची तारीख आणि आत किती मिलिलिटर सलाईन आहे याची नोंद असलेले कार्ड पाकिटात ठेवावे आणि त्याचा फोटो घरातल्या कोणाच्या तरी फोनमध्येही असावा.

भूक अचानक पूर्वीसारखी लागू लागली आणि कोणताही पदार्थ विनासायास उतरू लागला, तर रुग्ण स्वतःलाच दोष देत बसतात. आपला जिभेवर ताबा नाही, असे ते मानतात. वास्तविक नळीत गळती असू शकते, पोर्ट उलटलेला असू शकतो किंवा बँड जठराच्या भिंतीतून आत शिरत असू शकतो. यातला शेवटचा प्रकार फसवा असतो. शस्त्रक्रियेनंतर कित्येक महिन्यांनी किंवा वर्षांनी पोर्टवरची कातडी लाल होऊन सुजते, मलम आणि गोळ्यांनी तात्पुरती बरी होते आणि पुन्हा सुजते. असे झाल्यास मलमावर वेळ न घालवता एंडोस्कोपीविषयी (तोंडातून दुर्बीण घालून जठर आतून तपासणे) विचारावे.

घरी बसून वाट पाहणे

पाणी किंवा स्वतःची लाळही उतरत नसेल, उलट्या थांबत नसतील किंवा पोटात एकाएकी तीव्र कळ आली असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांना ‘माझ्या पोटात बँड आहे’ हे पहिल्याच वाक्यात सांगावे, कारण बँडमधले सलाईन काढून टाकणे हा पहिला उपाय असू शकतो. उलट्या बरेच दिवस चालल्या असतील तर शरीरातले बी-१ जीवनसत्त्व संपत आलेले असते. नुसते ग्लुकोज चढवल्यास मेंदूला इजा होण्याचा धोका असतो, म्हणून बी-१ देण्याची आठवण नातेवाइकांनी न संकोचता करावी.

औषधांबाबत थोडक्यात. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. मोठी गोळी अडकू शकते, पण प्रत्येक गोळी कुटून चालत नाही, तेव्हा आधी विचारावे. आहार कमी झाल्यावर मधुमेहाच्या गोळ्यांचे पूर्वीचे प्रमाण जास्त ठरून साखर एकदम खाली येऊ शकते. गर्भधारणा साधारण वर्ष-दीड वर्ष पुढे ढकलावी, आणि दिवस राहिल्यास बँड सैल करता येतो.

ज्यांनी अजून निर्णय घेतलेला नाही त्यांनी विम्याची कागदपत्रे आधी वाचावीत. विमा नियामकाच्या प्रमाणित अटींनुसार वय किमान १८, बीएमआय (उंचीच्या तुलनेत वजनाचा निर्देशांक) ४० किंवा त्याहून अधिक, अथवा ३५ किंवा त्याहून अधिक आणि सोबत हृदयविकार, झोपेत वारंवार श्वास थांबणे म्हणजेच तीव्र स्लीप अ‍ॅप्निया किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह यांसारखा गंभीर आजार असावा लागतो. शिवाय पॉलिसीचा प्रतीक्षाकाळ असतो तो वेगळाच. सर्जनना भेटाल तेव्हा शस्त्रक्रियेच्या खर्चाबरोबर आणखी दोन प्रश्न लिहून न्या: पाचव्या वर्षी माझा फिल कोण करणार, आणि बँड काढावा लागला तर तो खर्च कशात धरला आहे?