कंटाळा लिहायचाय? मग शिरोरेषा जरा सैल सोडा

लेटरिंग, म्हणजे शब्दाचा भाव अक्षरांच्या वळणातूनच दिसेल असं लिहिणं, शिकायचं म्हटलं की आपण आधी ऑनलाइन ब्रश पेनचा महागडा सेट मागवतो. मीपण मागवलेला, टोपणं नीट लावली नाहीत म्हणून निम्मे सुकले. खरं तर सुरुवातीला आइस्क्रीमची चपटी काडी पुरते, टोक कटरने सपाट कापायचं, पातळ केलेल्या काळ्या पोस्टर कलरमध्ये बुडवायचं, झालं. बोरू (बोरूच्या काडीची लेखणी) मिळाला तर उत्तमच. कागद प्रिंटरचा साधा चालतो, फक्त रंग फार पातळ केलात तर तो कागदावर पसरतो.

आता धार कशी धरायची ते. कागदावर घड्याळ आहे असं समजा आणि काडीची धार साडेदहा ते साडेचार अशी तिरकी टेकवा. इंग्रजी कॅलिग्राफीचे व्हिडिओ बघून बसलात तर सगळं उलटं पडतं, कारण तिकडे धार साधारण दीड ते साडेसात असते. आपली धार अशी ४५ अंशांत धरली की उभा दंड आणि आडवी शिरोरेषा सारख्या जाडीच्या येतात, म्हणजे ५ मिमीच्या धारेने दोन्ही जवळपास साडेतीन मिमी. चेक करायला डावीकडे खालून उजवीकडे वर एक तिरकी रेघ मारा, ती पूर्ण जाड यायला हवी, आणि उलट तिरकी मारली की केसाएवढी बारीक. आठवडाभर नुसते दंड, व, क, ग गिरवा. बोअर होतं, माहितीये.

मग शब्द निवडा. पाऊस आणि आग नको, पावसाला थेंब आणि आगीला ज्वाळा सगळेच लावतात. मी 'कंटाळा' घेतला. शब्द घेतला की त्याचं चित्र आठवायचं नाही, तो काय करतो ते विचारायचं. कंटाळा काय करतो? लोळतो, रेलतो, लांबतो. आता पेन्सिलने काडेपेटीएवढे वीस चौकोन आखा आणि प्रत्येकात तोच शब्द वेगळा लिहा. पहिले पाच-सहा वाया जाणारच, खोडत बसू नका.

माझ्या चौदाव्या चौकोनात जमलं. शिरोरेषा क वर ताठ निघते आणि ट वर आल्यावर ओल्या कपड्यांच्या दोरीसारखा झोळ खाते, ळ ची दोन वेटोळी एकमेकांवर रेललेली, आणि शेवटचा काना भिंतीला टेकून उभ्या माणसासारखा कललेला. पहिला काना मात्र मुद्दाम सरळ ठेवला, कारण सगळंच कललं की कंटाळा न वाटता भूकंप वाटतो. अनुस्वार माशीसारखा जरा लांब बसवला. आधी तो हौसेने ळ वर नेलेला, तर बहिणीने 'कटाळां' वाचलं आणि हे मालवणीत काय असतं म्हणून विचारलं.

तर मोडतोड कुठे करायची हे कळायला हवं. शिरोरेषा, काना, वेलांट्या, उकार यांना हवं तेवढं ताणा, अक्षराच्या गाठीला, म्हणजे रेघ वळून छोटा वेढा होतो तिथे, जपून. भ-म आणि ध-घ मधला फरक त्या गाठीचा आणि शिरोरेषेतल्या फटीचाच. मी एकदा 'भूक' लिहिताना शिरोरेषा एका फटक्यात ओढली, भ ची फट बुजली आणि शब्द झाला 'मूक'. र आणि व जवळ आले की ख होतो, 'रवाना' चा 'खाना' झालेला बघितलाय. आणि ल, श आपले मराठी काढा, पाकळीचा ल आणि देठाचा श. मोबाइलचे फॉन्ट बऱ्याचदा हिंदी वळणाचे असतात, त्यांच्यावरून कॉपी केलं की तेच वळण हातात बसतं.

अडलात तर नाटकांची नावं अशीच रेखाटणाऱ्या कमल शेडगेंची कामं शोधून बघा. २०२० साली गेले ते, पण पेपरातल्या जाहिरातींमधली त्यांनी काढलेली नाटकांची नावं बघून नाटक विनोदी की गंभीर याचा अंदाज यायचा. कॅलिग्राफर अच्युत पालवांचं मोडीवरून आलेलं काम पण बघा, रेघेचा वेग कसा ठेवायचा ते तिथे दिसतं. गंमत म्हणजे कॉम्प्युटरवरचा 'मंगल' फॉन्ट ज्यांनी केला ते र. कृ. जोशी स्वतः कॅलिग्राफर होते.

शेवटी फायनल. निवडलेला चौकोन मोठा करून पेन्सिलने काढा, दिवसा खिडकीच्या काचेवर चिकटवा, वर कोरा कागद धरून पुसट खुणा उतरवा आणि मग टेबलावर काडीने लिहा. एक रेघ एका दमात, मधे थांबलात तर तिथे रंगाचं डबकं होतं. लांब शिरोरेषेआधी काडी भरून घ्या, किंवा झोळाशी रंग संपत आला तर तसाच ओढा, कंटाळ्याला ती सुकी खरखर शोभते. सात-आठ कागद तरी करा.

वाळलं की काही न सांगता घरातल्या कुणाला तरी दाखवा. 'काय लिहिलंय?' असं विचारलं तर परत चौकोनांकडे. माझा सातवा कागद फ्रीजवर लावलाय, शेवटचा काना अजून जरा जास्तच झुकलाय.