मिरगाआधीची तयारी: कुत्र्याला साप चावला तर

पाऊस सुरू होण्याआधी एक दुपार काढा आणि आसपासच्या तीन-चार पशुवैद्यकांना फोन करा. विचारायचं इतकंच: सापाच्या विषावरचं इंजेक्शन तुमच्याकडे आत्ता आहे का, आणि रात्री दोन वाजता कोण भेटेल? बऱ्याच ठिकाणी उत्तर "नाही" असं येईल. मग ते कुठल्या मेडिकलमध्ये मिळतं ते विचारून घ्या आणि फोन, पत्ता फ्रीजवर चिकटवा. सरकारी फिरत्या पशुचिकित्सा पथकाचा १९६२ हा नंबरही तिथेच लिहा. औषध घरी आणून ठेवू नका. ते शिरेतून द्यावं लागतं, त्याची जबर रिअ‍ॅक्शन येऊ शकते आणि अशा वेळी ॲड्रेनलिन हे ती आवरणारं औषध हाताशी लागतं. थोडे पैसेही वेगळे ठेवा. कुत्रं लहान म्हणून बाटल्या कमी लागत नाहीत, कारण साप वजन बघून विष टोचत नाही.

आपल्याकडचं हे इंजेक्शन नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर चालतं. सह्याद्रीतल्या चापडा या विषारी सापावर ते लागू पडेल असं धरून चालू नका.

कुत्रं धडधाकट आहे तोवर त्याच्या हिरड्यांचा रंग बघून ठेवा आणि झोपेत मिनिटाला किती श्वास घेतं ते मोजा. आजारपणात तुलनेला हेच कामी येतं. टॉर्च, मार्कर आणि उचलून न्यायला जाड चादर दाराशी असू द्या.

कुत्रं नाकाने शोध घेतं, त्यामुळे दंश बहुधा तोंडावर किंवा पुढच्या पायावर होतो. केसांत दातांच्या खुणा सापडतीलच असं नाही, त्या शोधण्यात वेळ घालवू नका. पट्टा लगेच काढा, तोंड सुजलं की तो गळ्यात रुततो. सुजेची कड मार्करने आखून शेजारी वेळ लिहा. डॉक्टरांना वाढ किती झपाट्याने होते आहे ते त्यावरून कळतं. आवळून दोरी बांधणं, चिरा देणं, बर्फ लावणं, माणसांची पेनकिलर देणं, यातलं काहीही नको. चालवू नका, उचलून न्या. सापाच्या मागे लागू नका, लांबून फोटो मिळाला तर घ्या.

घोणस किंवा फुरसे चावलं तर सूज आणि ठणका लवकर येतो, जखम झिरपत राहते, हिरड्यांतून रक्त येतं, लघवी लालसर किंवा काळपट होते. नागाच्या दंशात सुजेबरोबर पापण्या ओघळतात, लाळ गळते, भुंकण्याचा आवाज बदलतो, मागचे पाय लटपटतात आणि शेवटी श्वास अडकतो. मला सर्वांत जास्त भीती मण्यारीची वाटते. ती रात्री चावते, सूज जवळजवळ नसते आणि सकाळी कुत्रं नुसतं मलूल दिसतं. घराबाहेर झोपणारं कुत्रं सकाळी उठेना, तर सूज नाही म्हणून वाट बघत बसू नका.

दवाखान्यात एक साधी तपासणी होऊ शकते. काचेच्या कोऱ्या, कोरड्या नळीत दोन मिली रक्त घेऊन ती २० मिनिटं न हलवता ठेवतात आणि मग कलंडवतात. रक्त पातळच राहिलं तर घोणस किंवा फुरशाच्या विषाचा संशय बळावतो. नळी साबणाने धुतलेली असेल तर निकाल चुकतो, प्लास्टिकची तर चालतच नाही. गुठळी झाली तरी निर्धास्त होऊ नका, काही तासांनी चाचणी पुन्हा करायला सांगा. नाग-मण्यारीच्या विषात रक्त गोठतंच, तिथे निदान पापण्या, पाय आणि श्वास बघूनच होतं.

गोचीड ताप आणि उंदराचं औषध यांतही रक्तस्राव होतो, फवारणीच्या औषधाने लाळ आणि अशक्तपणा येतो. म्हणून शेतात, घरात गेल्या काही दिवसांत कोणतं औषध मारलं किंवा टाकलं, कुत्र्यावर गोचिड्या होत्या का, हे न विचारताच सांगून टाका.

घोणशीचं विष किडनी बिघडवतं आणि ते उशिरा कळतं. इंजेक्शननंतर कुत्रं उठून शेपूट हलवायला लागलं, तरी पुढचे काही दिवस लघवी किती होते आणि कोणत्या रंगाची ते बघा आणि क्रिएटिनिनच्या (किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणाऱ्या रक्तचाचणीच्या) पुढच्या तपासणीची तारीख घेऊनच दवाखान्यातून निघा.