पाणी आधी, मासे नंतर: दोन फुटी टँकमध्ये कोण कोणाशी जुळतं

दुकानात 'हे सगळे एकत्र चालतील ना?' असं विचारलं, तर 'बिनधास्त घ्या' हेच उत्तर बहुतेक वेळा मिळतं. दुकानाच्या टाकीत ते चालतातही, कारण तिथे असतात ती पिल्लं, आणि तीही चार दिवसांत विकली जातात. घरचं गणित वेगळं असतं आणि ते पाण्यापासून सुरू होतं.

पुण्यात सगळीकडे सारखं पाणी नाही. पेठा, कोथरूड, सहकारनगर या भागात खडकवासल्याचं पाणी येतं, ते बोअरच्या मानाने बरंच मऊ असतं. वाघोली-उंड्रीकडच्या ज्या सोसायट्या बोअर आणि टँकरवर चालतात, तिथे तोटीवर पांढरा थर धरतो. ते पाणी कठीण. अंदाजावर न जाता जीएच (पाण्याचा कठीणपणा, म्हणजे त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम) मोजायचं किट आणा. आरओसाठी घेतलेला टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार दाखवणारा) घरात असेल तर त्यावरून कल्पना येते, पण टीडीएस म्हणजे कठीणपणा नव्हे. जीएच 8 च्या आत असेल तर टेट्रा, रासबोरा, कोरी (तळाशी राहणारा छोटा कॅटफिश) यांचा विचार करा. 12 च्या वर असेल तर गप्पी आणि प्लॅटी. मधल्या पट्ट्यात झेब्रा डॅनियो, चेरी बार्ब असे काटक मासे मजेत राहतात. नुसतं आरओचं पाणी भरू नका. त्यात क्षार जवळजवळ नसल्याने पीएच टिकत नाही. मिसळायचंच असेल तर एक प्रमाण ठरवा आणि दर वेळी तेच ठेवा. महापालिकेच्या पाण्यात अँटीक्लोरीन घालायला विसरू नका.

आता जागा. 24 x 12 x 15 इंचांचा टँक हिशेबाने 70 लिटरचा, पण वाळू आणि वरची रिकामी जागा वजा जाता पाणी साधारण 55 लिटरच राहतं. एवढ्या पाण्यात बसणाऱ्या दोन जोडण्या सांगतो.

मऊ पाण्यासाठी: 8 कार्डिनल टेट्रा, 6 कोरी आणि एक हनी गुरामी. निऑन टेट्रा स्वस्त मिळतो, तरी पुण्यासाठी कार्डिनलच घ्या. एप्रिल-मेमध्ये टँकचं पाणी 30 अंशांपर्यंत जातं. निऑनला 26 च्या आतलं पाणी मानवतं, कार्डिनल उष्णता बरी सोसतो. कोरी तळाशी मिशांनी चाचपडत खातात, म्हणून त्यांना बारीक, गोलसर वाळू लागते. टोकदार रंगीत खड्यांवर त्या मिशा झिजून जातात.

कठीण पाण्यासाठी: 6 प्लॅटी (2 नर, 4 माद्या) आणि 6 झेब्रा डॅनियो. माद्या कमी पडल्या तर नर एकाच मादीच्या मागे लागून तिला बेजार करतात. गप्पी हवे असतील तर सरळ 8 नर घ्या. माद्या आणल्यात तर साधारण महिन्याने पिल्लं होतात आणि ती कोणाला द्यायची, हा प्रश्न कायमचा मागे लागतो.

हीटर दोन्हीकडे लागतोच. डिसेंबर-जानेवारीत पुण्याची रात्र 10 अंशांच्या आसपास उतरते. या टँकला 75 किंवा 100 वॅटचा हीटर 25 अंशांवर लावा.

आता न जमणाऱ्या जोड्या. एंजल शांत दिसतो, पण पूर्ण वाढला की निऑन त्याच्या तोंडात सहज मावतो, आणि जो तोंडात मावतो तो खाल्ला जातो. टायगर बार्ब लांब पंख कुरतडतो, तेव्हा गुरामी, एंजल, गप्पी यांच्याबरोबर तो नकोच. फायटर आणि नर गप्पी एकत्र ठेवू नका. मोठी रंगीत शेपटी दिसली की फायटरला तो प्रतिस्पर्धी वाटतो. गोल्डफिशला थंड पाणी लागतं आणि तो घाणही खूप करतो. 'काच साफ करतो' म्हणून गळ्यात मारला जाणारा सकर फूट-सव्वा फुटाचा होतो, आणि खातो त्याहून जास्त घाण तो स्वतःच करतो. सिल्व्हर शार्कही फुटाला टेकतो. ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न या मोठ्या, भांडखोर माशांचं तर नावच काढू नका.

डेनिसन बार्ब आपल्याच पश्चिम घाटातला, केरळ-कर्नाटकातला. 2013 मध्ये त्याला 'सह्याद्रिया' ही नवी प्रजाती (जीनस) मिळाली. देखणा आणि शांत मासा, पण त्याचा थवा चार फुटांच्या आत ठेवणं हा त्याच्यावर अन्याय आहे. शिवाय जंगलात तो धोक्यात आहे, तेव्हा फार्ममध्ये वाढवलेलाच घ्या.

मासे एकदम भरू नका. फिल्टरमध्ये अमोनिया पचवणारे जिवाणू तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. त्या काळात मासे न घालता रोज चिमूटभर खाद्य टाका (ते कुजून जिवाणूंना अमोनिया मिळतो) आणि अमोनिया व त्यापासून बनणारं विषारी नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की मगच पहिली तुकडी सोडा: डॅनियो, प्लॅटी किंवा मऊ पाण्यात कोरी. दोन आठवड्यांनी पुढची तुकडी. गुरामी सगळ्यात शेवटी, नाहीतर तो आधीच कोपरा बळकावून बसतो.

पिशवी 15-20 मिनिटं टँकवर तरंगू द्या, दर पाच मिनिटांनी त्यात कपभर टँकचं पाणी घाला, आणि मासा जाळीने उचलून सोडा. दुकानाचं पाणी टँकमध्ये ओतू नका. त्याहून बरं म्हणजे नवे मासे दोन आठवडे वेगळ्या 20 लिटरच्या बादलीत, स्पंज फिल्टर आणि छोटा हीटर लावून ठेवणं. पांढरे ठिपके (माशांचा एक रोग) निघायचे असतील तर बहुधा तिथेच निघतात.

पहिला महिनाभर पंख नीट न्याहाळा. कडेला अर्धगोल खाच पडली असेल तर कोणीतरी चावतंय. कड पांढरट होऊन विरत चालली असेल तर तो रोग आहे आणि मूळ बहुधा पाण्यात. एखादा मासा दिवसभर हीटरमागे किंवा फिल्टरच्या पाइपाशी दडून बसत असेल, तर खायला घालताना त्याला कोण हुसकावतं ते पाहा आणि त्या दांडगटाला बाहेर काढा. तो दुकानात परत द्या किंवा मोठा टँक असलेल्या कोणाला द्या. मुळा-मुठेत किंवा पाषाण तलावात सोडू नका. घरच्या टाक्यांत न मावलेला सकर देशातल्या कितीतरी नद्या-तलावांत असाच पसरला आहे.