धान्याला कडुलिंब लावताना या चुका टाळा

सगळ्यात जुना हट्ट ओल्या पाल्याचा. डहाळी तोडायची, पाला तसाच कोठीत सारायचा आणि झाकण घट्ट लावायचं. ताज्या पाल्यात निम्म्याहून जास्त पाणी असतं. बंद कोठीत ते जाणार कुठे? धान्यातच. महिन्याभराने कोठी उघडली की ठरलेलं दृश्य: पाला काळा, भोवतीच्या दाण्यांची ढेपळं, कुबट वास, हात खुपसला तर आत ऊब. दाणे पोखरणाऱ्या सोंडे किड्याला नेमकं हेच लागतं. मग बोल लागतो कडुलिंबाला.

पाला सावलीत इतका वाळवा की मुठीत चुरा व्हावा. उन्हात नको, त्याने अझाडिरॅक्टिन हे कीड रोखणारं मुख्य द्रव्य नासतं. ऊन द्यायचं ते धान्याला, आणि रात्रभर गार करून मगच भरायचं. ओलावा तृणधान्यात १२ टक्क्यांच्या, कडधान्यात १० टक्क्यांच्या आत हवा. कोरड्या बाटलीत धान्य आणि कोरडं मीठ हलवून बघा. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा १५ टक्क्यांवर आहे. नाही चिकटलं म्हणून लगेच भरायची घाई नको. दाणा दाताखाली कडकन फुटला पाहिजे.

दुसरी चूक, कीड दिसल्यावर कडुलिंबाची पूड टाकणं. सोंडे किड्याची मादी दाणा कोरून आत अंडं घालते आणि भोक बुजवते. अळी आतच वाढते, तिथे पूड पोचत नाही. उष्ण हवेत महिन्याभरात नवे किडे बाहेर पडतात आणि लोक म्हणतात, औषध लागू पडलं नाही. कडुलिंब भूक मारतो, वाढ खुंटवतो. झटपट मारणं त्याचं काम नव्हे. लागलेलं धान्य आधी चाळा, कडक उन्हात पातळ पसरा, पुन्हा चाळा.

कडधान्याच्या भुंग्याचं अंडं मात्र दाण्यावर चिकटलेलं दिसतं. तिथे खाद्यतेल: किलोला ५ मिली, पाचेक किलोच्या घाण्याने हाताने चोळून. अळी आत शिरल्यावर तेलाचा उपयोग नाही. ओंजळभर तेल ओतणाऱ्यांना खवट वास मिळतो.

निंबोळीच्या मगजाची पूड १०० किलोला १ ते २ किलो, पण बियाण्यालाच. वेखंडही बियाण्यालाच, खायच्या धान्यात नको. तंबाखूची पूड तर कुठेच नको, निकोटीन वनस्पतीचं असलं तरी विषच.

आणि जुनी पोती? उलटी करून शिवणी झटका, उकळत्या पाण्यातून काढून खडखडीत वाळवा. कीड शिवणीतूनही येते.